पाच, उद्गारचिन्ह

सरांनी फळ्यावर पाच लिहिले
आणि पुढे उद्गारचिन्ह.
मला वाटलं, पाच बघून
डिमेलो सरांना कसलं तरी नवल वाटलं असेल.
"याला क्रमगुणित म्हणतात.
पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक.
एकशे वीस. कशाचे, ते उद्या सांगा."

कशाचे, ते मला बाकावरच कळलं.
त्रेचाळीस वर्षांचा माणूस मी,
गावदेवीत, रुस्तम मॅन्शनच्या बोळात
पाच गाड्या लावतो, एकामागे एक,
बोळच मुळी एका गाडीएवढा.
वैद्य डॉक्टर सहाला निघतात,
दलाल साडेसातला, पोरांची शाळा असते,
सुब्रमण्यम नऊला, मिस्त्रीबाई मनात येईल तेव्हा.
पेडणेकरांची गाडी निघतच नाही, नुसती पुसायची.
तोंडाशी कोण, भिंतीशी कोण?
पहिल्या जागेवर पाचांचा हक्क,
दुसरीवर उरलेल्या चौघांचा,
शेवटच्याला विचारायचं काही उरतच नाही.
एकशे वीस रीती.
त्यांतल्या शहाण्णव रीतींत
डॉक्टर सकाळी सहाला हॉर्न धरून बसतात.
शहाण्णव मी स्वतः काढले,
पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर.

मग दलालांचा जावई आला सुरतेहून.
एक गाडी वाढली की कटकट एकाने वाढते,
असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.
सातशे वीस.
जावयाबद्दलचं माझं मत
गणिताने पक्कं केलं.

निवड मात्र डोक्यात शिरेना.
"निवडीला रांग नसते," सर म्हणाले.
पाचांतून दोन: पाच गुणिले चार, वीस.
इथपर्यंत ठीक.
आता दोनाने भागा.
का म्हणून?
हातात आलेल्या विसाचे दहा का करायचे?
तीन रात्री मी त्या भागाकाराशी भांडलो.

चौथ्या दिवशी नळाला करंगळीएवढी धार.
पाणी दोन गाड्यांपुरतं.
वैद्यांची धुतली, मग मिस्त्रीबाईंची.
फडकं पिळताना वाटलं,
आधी मिस्त्रीबाईंची धुतली असती, मग वैद्यांची,
तरी बादलीतलं पाणी एवढंच काळं.
"दहा!" मी ओरडलो.
वरून पेडणेकरांनी विचारलं, "काय दहा?"
काही नाही साहेब, म्हटलं,
तुमची आज राहिली.

राहिली. त्या शब्दापाशी थांबलो.
दोन निवडल्या की तीन सोडल्या जातात,
वेगळं काही करावं लागत नाही.
म्हणून पाचांतून दोन आणि पाचांतून तीन
सारखेच भरतात. दहा आणि दहा.
सरांनी हे पुढच्या आठवड्यात शिकवलं,
तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

लांज्याला आम्ही तिघं भावंडं,
आणि फी एकाचीच.
तिघांतून एक: तीन प्रकार.
बाबांनी कागद न घेता सोडवलं.
सुनेत्रा हुशार होती, उत्तर चुकलं नाही,
ती आज चिपळूणला हेडनर्स आहे, राखी वेळेवर येते.
पण तिघांतून दोन करून बघा,
तेही तीनच येतात.
सूत्रात आम्ही दोघं खाली बसलो आहोत,
भागाकाराच्या रेषेखाली.

दिवाळीच्या सुट्टीत बोळ रिकामा झाला.
पेडणेकरांचीसुद्धा, टो करून नेली, भंगारात दिली म्हणे.
सरांनी सुट्टीआधी सांगितलेलं पटलं नव्हतं:
शून्याचं क्रमगुणित एक.
शून्य कसं नाही? काहीच नाही, तर एक कुठून?
खिळ्यांच्या फळीवर एकही किल्ली नव्हती.
मी बोळ झाडला,
तेलाच्या डागांवर राख टाकली,
आणि खुर्ची मधोमध घेऊन बसलो.
रिकामा बोळ लावायची
दुसरी कुठलीच रीत सुचेना.

रजिस्टरात आत गेलेल्या गाड्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं,
पुढे उद्गारचिन्ह.
सेक्रेटरी विचारतील.
विचारू देत.